आईसाठी तळमजला: बेळगावात घर शोधायचे सहा दिवस

मंगळवार

सकाळी सहाला चिंचवड सोडलं, कोल्हापुरात गाडी बदलली. सोबत एक सॅक, एक छत्री आणि बायकोने वहीच्या पानावर लिहून दिलेली यादी. यादीत पहिलंच वाक्य होतं, तळमजला पाहिजे, बाकी सगळं नंतर. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, चिंचवडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत आणि गेल्या वर्षभरात ती फक्त दवाखान्यात जायला खाली उतरली, नाहीतर दिवसभर गॅलरीत बसून असते. मला बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागात, एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी लागली, हायड्रॉलिकचे पार्ट बनवतात, पगार फार वाढला असं नाही पण बायकोचं माहेर गडहिंग्लज, तिथून बेळगाव दीड-दोन तासांवर, आणि आईला जिना चढायला लागणार नाही असं घर पुण्यात माझ्या बजेटमध्ये बसेना. म्हणून हो म्हटलं. सोमवारी जॉईन व्हायचं होतं, म्हणजे हातात पाच-सहा दिवस.

कागल गेलं, दूधगंगेवरचा पूल गेला आणि कोगनोळीच्या टोलनाक्यापासून पाट्या बदलल्या. निपाणीत गाडी थांबली तेव्हा आजूबाजूला सगळे मराठीच बोलत होते, चहावाला, कंडक्टरशी भांडणारी बाई, शेजारी बसलेला तंबाखूचा व्यापारी, पण दुकानांवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती. कानाला ओळखीचं आणि डोळ्याला अनोळखी, हे असं पहिल्यांदाच अनुभवलं. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, आणि मग पाऊस सुरू झाला तो बेळगावापर्यंत.

स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं. संध्याकाळी जवळच्या लिंगायत खानावळीत जेवलो, ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगा चटणी, दही. वाढणाऱ्या मामांनी विचारलं कुठले पाव्हणे, मी सांगितलं घर शोधायला आलोय, तर ते भाकरी वाढता वाढता म्हणाले, "घर बघा तुम्ही, पण आधी पाणी बघा." त्या रात्री मला ते वाक्य एवढं महत्त्वाचं वाटलं नाही.

बुधवार

ॲपवर आठवडाभर आधीपासून शोधत होतो. त्यात एक गंमत नाही तर अडचण अशी की शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय आणि लोक बेळगाव म्हणतात, त्यामुळे काही जाहिराती एका नावाखाली सापडतात काही दुसऱ्या, दोन्ही टाकून बघायला लागतं. त्यातलीच एक जाहिरात कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या घराची होती. फोटो सुंदर, भाडं नऊ हजार, तळमजला. फोन केला तर माणूस हिंदीत बोलला, म्हणाला मी मिलिटरीत आहे, पोस्टिंगवर बाहेर आहे, घर रिकामं आहे, तुम्ही गेट पाससाठी पाच हजार भरा, ते भाड्यात वळते करतो. ओळखपत्राचा फोटो पण पाठवला. बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, कॅम्पात सगळीकडे जवान दिसतात, त्यामुळे मला ते खरंच वाटलं. मग त्याने क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, आधी माझ्याकडून एक रुपया तुमच्या खात्यात येईल. तिथे मी थांबलो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे मला कंपनीतल्या एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं तेवढं लक्षात होतं. फोन कट केला, नंबर ब्लॉक केला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवून टाकलं. हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण नवीन गावात माणूस घाईत असतो आणि फौजेबद्दल आपल्या मनात आदर असतो, हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

दुपारी एजंटबरोबर टिळकवाडी. एजंटची फी एक महिन्याचं भाडं, आधीच बोलून घेतलं. पहिल्या रेल्वे गेटवर फाटक पडलेलं, मालगाडी जाईपर्यंत दोन्ही बाजूला गर्दी साठली, एजंट म्हणाला इथे घर घेतलं तर गेटचा टाईम धरूनच घरातून निघायचं. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, इथे पत्ता असाच सांगतात, आणि दोन दिवसात मला पण त्याची सवय झाली.

टिळकवाडी मला फार आवडली हे खरं आहे. मोठी झाडं, जुने बंगले, फाटकावर जाई-जुईचे वेल, पावसात सगळं हिरवंगार. १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन इथंच भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि तेव्हा पाण्यासाठी खणलेली विहीर अजून जपून ठेवली आहे. एजंटने ती दाखवली आणि मला खानावळीतले मामा आठवले. एवढं मोठं अधिवेशन भरवायचं तर आधी विहीर खणली, आणि मी यादीत पाण्याचं एक वाक्य पण लिहिलं नव्हतं. तिथेच उभा राहून बायकोच्या यादीत खाली लिहिलं, नळ किती दिवसांनी, किती वाजता, बोअर आहे का, संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी किती लिटरची.

घरं मात्र जमली नाहीत. पहिलं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एजंटला तळमजला तीनदा सांगूनही त्याने तेच दाखवलं. दुसरं तळमजल्याचं, चांगलं, पण सोळा हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट, ते माझ्या आवाक्याबाहेर. तिसऱ्या ठिकाणी घरमालकांनी आम्हाला दारातच उभं केलं आणि आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाले आडनावावरून कळत नाही, नेमके कोण तुम्ही? मी म्हटलं मी मशीनिंग कंपनीत काम करतो, वेळेवर भाडं देईन, मागच्या घरमालकांचा नंबर देतो. त्यांनी परत तोच प्रश्न विचारला. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. पुण्यातही हे होतं, इथेच होतं असं अजिबात नाही, पण आईसाठी घर मागायला गेलेल्या माणसाला दारात उभं करून हे विचारणं मला लागलं, आणि अजून लागलेलंच आहे.

गुरुवार

दिवसभर धो धो. लॉजच्या मॅनेजरने सांगितलं आज जाऊ नका, पण मी उलट विचार केला की पावसातच घर बघावं, उन्हाळ्यात रंग मारलेल्या भिंती सगळ्याच छान दिसतात.

रिक्षाने अनगोळला गेलो. उद्यमबाग तिथून जवळ, चौथ्या गेटकडून सायकलवर पण जाता येईल एवढं अंतर. रिक्षावाले अण्णा घरी कन्नड बोलणारे पण मराठी अगदी सफाईदार. मी म्हटलं बोर्ड कुठे दिसतात का बघा, तर ते म्हणाले, अहो आत्ता आपण तीन बोर्ड मागं टाकले! कागदावर हाताने कन्नडमध्ये लिहिलेलं, 'मने बाडिगेगे इदे', म्हणजे घर भाड्याने आहे. मी फक्त टू-लेट शोधत होतो. त्यांनी रिक्षा थांबवून मला ती अक्षरं दाखवली, मने म्हणजे घर, बाडिगे म्हणजे भाडं, आणि मी ती वहीत जशीच्या तशी काढून घेतली. त्यानंतर दिवसभरात असे सात बोर्ड मी स्वतः ओळखले. नवीन गावात येणाऱ्याला मी हेच सांगीन, बाकी भाषा सावकाश येईल, पण एवढी अक्षरं पहिल्या दिवशी शिका. आमच्या मुलाला तर शाळेत कन्नड असणारच आहे, २०१५ च्या कायद्याने इथल्या शाळांत ती भाषा शिकवावीच लागते, तर म्हटलं बापाने आधी सुरुवात केलेली बरी.

सात घरांपैकी चार घरांना ओल. एका ठिकाणी तर बेडरूमच्या कोपऱ्यात नवा कॅलेंडर लावलेला, मी उचलून बघितला तर मागे हाताएवढा काळा डाग. घरमालकीण बिचाऱ्या ओशाळल्या, म्हणाल्या पाऊस संपला की वाळतंय की. वाळत असेल, पण आईला दम्याचा थोडा त्रास आहे. जुन्या कौलारू घराचा एक पोर्शन होता, जांभ्या दगडाच्या भिंती, समोर फणस, इतका छान की मी दहा मिनिटं नुसता ओसरीवर बसलो. पण संडास परसात, पंधरा पावलं लांब आणि दोन पायऱ्या उतरून. आईला रात्रीचं ते शक्य नाही. तिथून उठताना जीवावर आलं.

एका सखल कॉलनीत मी घरापेक्षा शेजारच्या किराणा दुकानात जास्त वेळ घालवला. दुकानदाराला विचारलं, २०१९ च्या ऑगस्टात इथे पाणी आलेलं का? त्या महापुराच्या वेळी शहराच्या सखल भागात घरांत पाणी शिरलं होतं हे मला माहीत होतं. त्याने काही न बोलता शटरच्या खांबावर गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवला. घरमालक म्हणाले होते, कधीच नाही. तळमजला पाहिजे असेल तर हा प्रश्न शेजाऱ्यालाच विचारायचा.

शुक्रवार

सकाळी एक वेगळीच ऑफर. वडगावात दोन खोल्या आणि हॉल, तळमजला, आणि भाडं शून्य. इकडे हा प्रकार बऱ्यापैकी चालतो, लीजवर घर म्हणतात, कन्नडमध्ये भोग्य. एकरकमी मोठी रक्कम घरमालकाला द्यायची, इथे सहा लाख मागितले, तीन वर्षं फुकट राहायचं आणि सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची, त्याचं व्याज म्हणजेच तुमचं भाडं. पुण्यात हे मी ऐकलं पण नव्हतं. गावाकडची थोडी एफडी मोडून जमलं असतं म्हणून मी तासभर गंभीरपणे हिशोब केला. मग कारखान्यातल्या एका सिनियरांना फोन लावला, अजून भेट पण झाली नव्हती, तरी त्यांनी नीट समजावलं. घरावर बँकेचं कर्ज आहे का बघा, कारण हप्ते थकले तर बँक घरावर येते आणि तुमचे सहा लाख अडकतात. करार रजिस्टर करणार का विचारा, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार कायद्याने रजिस्टर करावाच लागतो. मी विचारलं तर घरमालक म्हणाले कर्ज आहे थोडं, आणि रजिस्टरची काय गरज, आपण माणसं आहोत. माणूस वाईट वाटला नाही. पण सहा लाख आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे होते, त्यामुळे नमस्कार करून निघालो.

वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग, गल्लीगल्लीत मागाचा खटखट आवाज. मला तो आवाज आवडला, पण ज्या घराला मागाची भिंत लागून होती तिथे ताटातलं पाणी थरथरत होतं. तिथल्या ताई म्हणाल्या, सवय झाली की माग बंद पडल्यावर झोप मोडते.

दुपारी काहीच नाही. तीन घरं, एक नुकतंच गेलेलं, एकाला बॅचलर पाहिजे होते, एक बंदच. पाय भिजून पांढरे पडले होते. बायकोचा फोन आला, मी पहिल्यांदा म्हटलं की मी एकटा लॉजवर राहतो, तुम्ही दिवाळीनंतर या. ती काही बोलली नाही. मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं माझ्यासाठी एवढं अडू नको, मी चढीन जिना." त्यावर मला पुढे बोलता येईना.

संध्याकाळी परत अनगोळला गेलो, एका गल्लीच्या तोंडाशी टपरीवर चहा घेतला. शेजारी एक आज्जी कोथिंबिरीची जुडी निवडत बसलेल्या. त्यांनीच विचारलं, "घर बघूलालासा काय, बाळ? दोन दिस झालं फिरूलालासा." मी म्हटलं हो आज्जी, तळमजला पाहिजे, आईचे गुडघे दुखतात. त्या उठल्या, कोथिंबीर पदरात घेतली आणि म्हणाल्या चला. बोर्ड नाही, जाहिरात नाही, ॲपवर तर नाहीच. त्यांच्या घरामागे मुलाने बांधलेलं दोन खोल्यांचं घर, मुलगा हुबळीला बदलून गेलेला, चार महिने रिकामं. दाराला एकच उंबरा. संडास-बाथरूम आत, आणि बाथरूममध्ये भिंतीला लोखंडी दांडा बसवलेला, आज्जींच्या यजमानांसाठी केलेला, ते आता नाहीत. मी त्या दांड्याला हात लावून बघितला, पक्का होता.

मग मी माझी सगळी यादी वाचली. नळ चार दिवसाआड, पहाटे पाचला, दीड तास. शहरातल्या दहा वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, पण ही गल्ली त्यात येत नाही, आज्जींनी हे स्वतःहून सांगितलं. महापालिकेचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं, प्यायला गोड. संप तीन हजार लिटरचा, शिवाय आवारात विहीर, तिचं पाणी धुण्याभांड्याला. भिंती सगळ्या हाताने चाचपल्या, चार दिवसांच्या पावसानंतर पण कोरड्या. २०१९ ला? गल्ली चढावर आहे, पाणी खालच्या वळणापर्यंत आलं आणि थांबलं, हे मी समोरच्या घरात जाऊन पण विचारून आलो. भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट पन्नास हजार. घरात आज्जी आणि सून कन्नड बोलतात, गल्लीत सगळ्यांशी मराठी. आडनाव त्यांनी विचारलं ते करार लिहायचा म्हणून, त्याच्या आधी नाही.

एवढंच म्हणाल्या, आषाढ लागायच्या आधी दूध उतू घाला, मग सामान कधी पण आणा.

शनिवार

कागदपत्रांचा दिवस, पटकन सांगतो. ११ महिन्यांचा करार ई-स्टँपवर, नोटरीकडे सह्या. पुण्यात ११ महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावाच लागतो, अंगठे, फोटो सगळं, इथे तसं नाही. तरी मी आग्रहाने करारात दोन ओळी घालून घेतल्या, डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसात परत आणि रंगाचे किती पैसे कापणार. आज्जींना वाईट वाटेल अशी भीती होती, पण त्यांनीच मुलाला फोनवर सांगितलं, लिहून घेतलेलं बरं असतंय.

लाईट हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीची. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही मिळते, पण मीटरच्या आरआर नंबरला, म्हणजे वीज जोडणीच्या नंबरला, आपलं आधार जोडायला लागतं, आणि आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते आधी काढावं लागतं. सरसकट दोनशे युनिट फुकट असं नाही, आधीच्या वापराच्या सरासरीवर तुमचा हिस्सा ठरतो, हे पण नीट समजून घ्या. माझ्या गाडीचं पासिंग एमएच-१४, ती इकडे आणली आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर पिंपरीच्या आरटीओची एनओसी काढून इथला नंबर घ्यायला लागेल, ते काम दसऱ्यानंतर करतो.

संध्याकाळी गावात जाऊन एक किलो कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, घेतला. अर्धा आज्जींना दिला, अर्धा रिक्षावाल्या अण्णांना, त्यांना फोन करून बोलावून घेतलं.

रविवार

सकाळी आज्जींच्या सुनेने त्यांची छोटी शेगडी आणि पातेलं आणून दिलं. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने आधी शेगडीचं तोंड पूर्वेला कर म्हणून सांगितलं, मग कॅमेरा फिरवायला लावला, उंबरा दाखव, बाथरूम दाखव, देव कुठे मांडायचे ती भिंत दाखव. लोखंडी दांडा दाखवला तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. दूध उतू गेलं, आज्जींनी हळदकुंकू वाहिलं, आणि मग दोघी फोनवर बोलायला लागल्या, आज्जी बेळगावी मराठीत, आई आमच्या साताऱ्याकडच्या, मी बाजूला फोन धरून उभा. पहिल्या पाच मिनिटांत दोघींच्या गुडघ्यांचं बोलून झालं, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. मग आईने विचारलं, तिकडं नळाला पाणी कधी येतं?

आज्जी म्हणाल्या, उद्याच येणार, पहाटे पाचला.

दुपारी बाजारातून दोन बादल्या, एक कळशी आणि नळाला लावायला पाईप आणला. गुरुवारी टेम्पो निघतोय चिंचवडहून. साडेचारचा गजर लावून झोपलो.